तारण पावणारे थोडेच काय ?

ख्रिस्ती धर्मांत ज्याला 'तारण' म्हणतात त्याचा लाभ किती जणांना होणार, या प्रश्नाचा आज आपणांस विचार करावयाचा आहे. प्रश्न जुना आहे. खुद्द येशू ख्रिस्तालाच तो एकानें विचारला होता. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत ती हकीकत आली आहे. येशू गांवोगांव उपदेश करीत यरुशलेमकडे चालला असतां कोणी एकानें, तारण पावणारे लोक थोडकेच आहेत काय, असें त्याला विचारलें. विचारणाराचें नांव दिलेलें नाहीं. तो भीतीनें विचारीत होता कीं केवळ जिज्ञासेनें, हेंही सांगितलेलें नाहीं.

प्रथम शब्दाविषयीं. 'मोक्ष' म्हटलें म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका, असा अर्थ आपल्या मनांत उभा राहतो. मराठी ख्रिस्ती लोकांनीं रूढ केलेल्या 'तारण' या शब्दांत बुडत्याला तीरावर काढण्याची कल्पना आहे. मूळ ग्रीक शब्दाचा भावही याच्या जवळचा आहे. संकटांतून सोडविणें आणि रोग्याला बरें करणें या दोन्ही अर्थीं तेंच क्रियापद शुभवर्तमानांत येतें. बुडणारा स्वतःच्या बळावर तरत नाहीं, दुसरा कोणी हात देऊन त्याला बाहेर काढतो, हा या शिकवणीचा गाभा आहे. तारण ही देवाची कृपा. ती मनुष्याची कमाई नव्हे. पण असें म्हटल्यानें प्रश्न अधिकच बिकट होतो. कृपा जर देवाची, तर ती थोड्यांनाच कां लाभावी ?

येशूच्या उत्तरांत एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. त्यानें 'होय' म्हटलें नाहीं, 'नाहीं' असेंही म्हटलें नाहीं. आंकडा तर सांगितलाच नाहीं. प्रश्न एकाचा, पण उत्तर त्यानें सर्वांना उद्देशून दिलें, आणि तेंही आज्ञेच्या रूपानें. अरुंद दारानें आंत शिरण्याची तुम्हीं पराकाष्ठा करावी, असें त्यानें सांगितलें. येथें योजलेलें क्रियापद मल्लांच्या झुंजीवरून घेतलेलें आहे. पुढें त्यानें एक चित्र उभें केलें. घरधन्यानें दार लावून घेतलें आहे; बाहेरचे लोक दार ठोठावीत आहेत, आणि आपण त्याच्यासमोर जेवलों होतों, त्यानें आपल्याच रस्त्यांत उपदेश केला होता, अशी ओळख सांगत आहेत. ती ओळख तेथें चालत नाहीं. उलट पूर्वपश्चिमेकडून आणि दक्षिणोत्तरेकडून दूरदूरचे लोक येऊन देवाच्या राज्यांत पंक्तीला बसतात. बाहेर राहिले ते कोण आणि आंत आले ते कोण, हें नीट पाहावें. दार लागलें तें ओळखीच्या जोरावर निर्धास्त राहिलेल्यांवर. परक्यांवर तें लागलें नाहीं.

मत्तयकृत शुभवर्तमानांत थोडेपणाचा उल्लेख अधिक स्पष्ट आहे. नाशाकडे जाणारी वाट रुंद आणि जीवनाकडे जाणारी वाट चिंचोळी असून ती थोड्यांनाच सांपडते, असें तेथें सांगितलें आहे. परंतु हें वचन आलें आहे तें डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस. वैऱ्यावर प्रीति करावी, दान गाजावाजा न करतां द्यावें, दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दाखविण्यापूर्वीं आपल्या डोळ्यांतील मुसळ काढावें, ही त्या प्रवचनाची शिकवण. ती ऐकण्यास सर्वांनाच गोड लागते. आचरणारे थोडे, हें कोणाही प्रामाणिक माणसाला कबूल करावें लागेल. तेव्हां दार अरुंद आहे तें बांधणाराच्या कंजूषपणामुळें नव्हे. आंत शिरणाराला आपला अहंकार आणि आपलें वैर बाहेर टाकून यावें लागतें, म्हणून तें अरुंद आहे.

पुढील काळांत मात्र या इशाऱ्याचा हिशेब होऊं लागला. पांचव्या शतकांत संत ऑगस्टिन यांनीं, सुटणारांपेक्षां शिक्षेंत राहणारे पुष्कळ अधिक, असें मत मांडलें. इ. स. १६१८-१९ मध्यें हॉलंडांतील डॉर्ट येथें भरलेल्या प्रॉटेस्टंट परिषदेनें, कोणाला तारावें हें देवानें सृष्टीच्या पूर्वींच ठरविलें आहे, असा निर्णय दिला. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील जॉन वेस्ली यांनीं या मताला कडाडून विरोध केला. ख्रिस्त सर्वांसाठीं मेला, असें त्यांचें म्हणणें होतें. फ्रान्सांत मासियों या धर्मोपदेशकाचें निवडलेल्यांच्या अल्प संख्येवरील प्रवचन फार गाजलें. ख्रिस्त आतांच या मंदिरांत न्याय करण्यास उतरला असें समजा, आणि चार प्रकारचे पापी वगळून उरतात किती तें पाहा, असें त्यानें श्रोत्यांना सांगितलें. तेव्हां सारी सभा नकळत जागेवरून अर्धवट उठली, असें व्हॉल्टेरनें १७५५ सालीं फ्रेंच विश्वकोशांत नमूद केलें आहे. मासियोंनें तो हिशेब समोर बसलेल्यांच्याच पदरांत टाकला, यांत तो मूळ उत्तराशीं प्रामाणिक राहिला असें म्हणावें लागेल.

परंतु हाच हिशेब जेव्हां दूरच्यांवर आणि मेलेल्यांवर लावला जातो, तेव्हां तो किती जड होतो, याचें एक उदाहरण गोव्याशीं निगडित आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास उतरले आणि १५४९ च्या ऑगस्टांत जपानांत कागोशिमा येथें पोहोंचले. तेथें बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांनीं त्यांना विचारलें कीं, ही वार्ता न ऐकतां मेलेल्या आमच्या आईबापांना, बायकामुलांना सोडविण्यास कांहीं उपाय आहे काय ? प्रार्थनेनें, दानधर्मानें कांहीं होईल काय ? उपाय नाहीं, असें झेवियर यांनीं सांगितलें. १५५२ च्या जानेवारींत कोचीनहून युरोपांतील बांधवांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं हें कळविलें आहे. ते लोक रडत असत, आणि इतक्या प्रिय मित्रांना अशा निरुपाय गोष्टीसाठीं रडतांना पाहून आपणांसही दुःख झालें, हेंही त्यांनीं लपविलेलें नाहीं.

त्याच पत्रांत दुसरें एक उत्तर आहे. यामागुची येथील लोकांनीं, देव दयाळू असेल तर त्यानें आजवर आम्हांला कां ओळख दिली नाहीं, असा सवाल केला होता. त्यावर झेवियर यांचें म्हणणें असें कीं, डोंगरांत एकटा वाढलेला माणूसही हत्या आणि चोरी हें पाप आहे हें जाणतो. देवाचा नियम अंतःकरणांत आधींच लिहिलेला असतो. आतां हीं दोन उत्तरें शेजारीं ठेवून पाहावीं. नियम अंतःकरणांत असेल, तर तो इमानानें पाळून गेलेल्या आईबापांचें काय ? झेवियर यांच्या पत्रांत हा सांधा जुळविलेला नाहीं. तो जुळावयास चारशें वर्षें लागलीं.

चर्चबाहेर तारण नाहीं, असें वचन तिसऱ्या शतकापासून चालत आलें होतें. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं लिओनार्ड फीनी नांवाचे धर्मगुरु त्याचा अगदीं कठोर अर्थ लावून शिकवीत. १९४९ सालीं रोमनें तो अर्थ नाकारला. आणि वरिष्ठांची आज्ञा न मानल्याबद्दल १९५३ सालीं फीनी यांनाच चर्चबाहेर व्हावें लागलें. १९७२ सालीं त्यांना परत घेण्यांत आलें. मध्यंतरीं १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें स्पष्ट सांगितलें कीं, स्वतःचा दोष नसतां ज्यांना शुभवर्तमान कळलें नाहीं, पण जे खऱ्या मनानें देवाचा शोध करतात आणि सदसद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण मिळूं शकतें. तेंही कृपेनेंच, हें परिषदेनें सोडलेलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, असें असेल तर धडपड कशासाठीं ? शंका रास्त आहे. सर्वच तरणार असें निश्चित धरून स्वस्थ बसणारा आणि कोणीच तरणार नाहीं म्हणून हात गाळणारा, दोघेही आंकड्याच्याच नादीं लागलेले असतात. आपली नेहमींची रीत अशी कीं, दुसऱ्याचा हिशेब कडक ठेवावयाचा आणि स्वतःचा सैल. येशूनें त्या वाटसरूला दिलेलें उत्तर ही रीत उलटी करतें. दुसऱ्याविषयीं आशा धरावी, स्वतःविषयीं दक्ष राहावें.

नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकांत प्रथम एक लाख चव्वेचाळीस हजार असा आंकडा येतो, आणि त्याच अध्यायांत लगेच सर्व राष्ट्रांतील असा जनसमुदाय दिसतो कीं, तो कोणालाही मोजतां येत नाहीं. मोजण्याचें काम मनुष्याकडे दिलेलें नाहीं. ज्याच्या घरांत कोणी प्रिय माणूस या विश्वासावांचून गेलें असेल, त्यानें तें माणूस देवाच्या न्यायावर आणि दयेवर सोंपवावें, आणि आपल्यापुरतें दार अजून उघडें आहे तोंवर आंत शिरण्याची त्वरा करावी.