कुपीतील विकर आणि स्वावलंबनाचा प्रश्न
(विज्ञान शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने विकरांविषयी बोलावे, याचे आपणास नवल वाटेल. परंतु प्रयोगशाळेतील एक लहानशी कुपीही अर्थशास्त्राचा धडा देते.

हेक्झोकायनेजचे उदाहरण घ्या. पेशीत ग्लुकोजच्या विघटनाची पहिली पायरी हे विकर घडवते. प्रयोगशाळेत ग्लुकोजचे प्रमाण अचूक मोजण्यासाठी ते वापरतात. यीस्टमधील जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून ते निर्माण करता येते. जिवाणू वाढवण्यास लागणारा कच्चा माल महाग नाही. मोल असते ते शुद्धतेचे, प्रत्येक खेपेत समान क्रियाशीलतेचे आणि अखंड शीतसाखळीचे. दुसऱ्या विकराचा अंशही मिसळला, तर मोजमाप चुकू शकते. म्हणजेच संशोधक खरेदी करतो तो विश्वास!

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळा-रसायनांवरील मूळ सीमाशुल्क १० वरून १५० टक्के करण्यात आले. संशोधकांनी चिंता व्यक्त केल्यावर काही दिवसांतच संशोधनासाठी ते पुन्हा १० टक्के झाले. शुल्काने आयात रोखता येते. विश्वास निर्माण करता येत नाही, हा त्यातील बोध.

ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘बायोई-३’ धोरणात विकरांचा समावेश आहे, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र त्याला स्वतंत्र गुणवत्ता-चाचणी आणि सार्वजनिक संस्थांकडून खात्रीची खरेदी यांची जोड हवी. स्वदेशी कुपी संशोधकाने सक्तीने नव्हे, खात्रीने उचलावी. तेच खरे स्वावलंबन.