पाणंदीवरची शर्यत

नेवासा फाट्याच्या आसपास थंडीतल्या पहाटे धावणारी पोरं-पोरी दिसतात. बहुतेक जण भरतीची तयारी करणारे. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचं असतं. ही मुलं डांबरावर सराव करतात. शेजारून उसाच्या ट्रॉल्या जातात, संभाजीनगरची वाहनं जातात, दिव्यांनी डोळे दिपतात. तिथून थोडं आत वळलं की मातीची पाणंद लागते, कालव्याचा भराव लागतो, चाकोऱ्या पडलेला शिवरस्ता लागतो. तिकडे पावलं फारशी वळत नाहीत.

अशा मातीच्या वाटांवरच्या शर्यतीला हल्ली ‘ट्रेल रन’ म्हणतात. महाराष्ट्रात तिचं नाव काढलं की पुणे जिल्ह्यातली ‘एसआरटी अल्ट्रा’ आठवते. सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन गडांच्या मुलखात डिसेंबरच्या थंडीत ती होते. 11, 25, 53 आणि 100 किलोमीटर अशी अंतरं असतात. तोरण्याची उंची 1403 मीटर. डोंगर चढणारे लोक पाठीवर पिशवी घेऊन दोन-तीन दिवसांत करतात ती भटकंती लांब अंतराचे धावपटू एका दमात उरकतात.

प्रत्यक्ष धावताना काय घडतं? पहिली गोष्ट म्हणजे अर्धी शर्यत धावणं नसतंच. उभा चढ आला की पट्टीचा धावपटूसुद्धा गुडघ्यांवर हात टेकवून चालू लागतो. तिथे धावण्यात दम खर्ची पडतो आणि हाती काही लागत नाही, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. खरी परीक्षा उतारावर. पायाखाली मुरूम घसरतो, वाळलेलं गवत तेलासारखं निसरडं होतं. प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालतात, आणि या उलट्या कामाची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. नजर पायांवर नसते, ती चार-पाच पावलं पुढे असते. दगड पक्का की हलता, मूळ कोरडं की ओलं, हे डोळे ठरवतात आणि पाय ऐकतात. डांबरावर माणूस मनात हिशेब करत, गाणी गुणगुणत धावू शकतो. इथे लक्ष विचलित झालं की घोटा मुरगळलाच म्हणून समजा. त्यामुळे कित्येक तास डोक्यात दुसरा विचार येत नाही, आणि माणसं पुन्हा पुन्हा या वाटेवर येतात ती बहुधा याचसाठी.

घड्याळाचा अर्थही इथे बदलतो. किलोमीटरला पाच मिनिटं लागणाऱ्याला चढावर पंधरा लागतात आणि त्यात कमीपणा नसतो. मधल्या थांब्यावर केळी, मिठाचं पाणी, गुळाचा खडा मिळतो. पुढे गेलेला अनोळखी धावपटू वळणावर थांबून “इथे दगड सुटलाय, डावीकडून या” असं ओरडून सांगतो.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती आपल्या मुलखाची आहे. मैदानावरच्या शर्यतींत स्टीपलचेस नावाचा प्रकार आहे. तीन हजार मीटरमध्ये 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी. हा मूळचा मैदानाचा खेळ नव्हे. इंग्लंड-आयर्लंडकडे एका गावच्या चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या गावच्या शिखरापर्यंत कुंपणं, बांध, ओढे ओलांडत घोडेस्वार शर्यत लावत. पुढे विद्यार्थी तशीच पायी धावू लागले, आणि मग ते बांध-ओढे लाकडी अडथळ्यांच्या आणि पाण्याच्या खड्ड्याच्या रूपाने मैदानात आले. म्हणजे स्टीपलचेस ही मुळात शिवारातली शर्यत.

या प्रकारात भारताची मान उंचावणारी दोन नावं दुष्काळी महाराष्ट्रातली आहेत. ललिता बाबर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. पी. टी. उषा यांच्यानंतर तब्बल 32 वर्षांनी भारतीय महिला ऑलिंपिकमधल्या धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत उतरली होती. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. आष्टी म्हणजे आपल्या नेवाशाच्या जिल्ह्याच्या सीमेला लागलेला तालुका. शाळा सहा किलोमीटर दूर, जाणं-येणं चालत किंवा धावत. बारावीनंतर ते सैन्यात गेले, सियाचीनला राहिले, आणि सैन्यातच क्रॉस कंट्रीतून, म्हणजे रानातल्या धावण्यातून, स्टीपलचेसकडे वळले. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतलं. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांश भागाने. 1998 ते 2018 पर्यंत पुरुषांच्या या शर्यतीतली राष्ट्रकुलची सगळी पदकं केनियाने नेली होती, हे लक्षात घेतलं की त्या रौप्याचं वजन कळतं. पुढच्या वर्षी हांगझोउला आशियाई सुवर्णही आलं.

या दोघांच्या गावांकडे पाहिलं की एक वाटतं: मैदान नसलेल्या गावालाही वाट असते. नेवाशाला तर ती फारच जुनी आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी 1954 ते 1956 मध्ये इथे उत्खनन केलं. प्रवरेच्या काठच्या खडी-वाळूत मध्य पुराश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली आणि त्या संस्कृतीला ‘नेवासियन’ असं नावही पडलं. शिकारीमागे याच काठाने धावणाऱ्या माणसांना सपाट रस्ता ठाऊकच नव्हता.

मग नेवाशाची स्वतःची शर्यत का नसावी? गड नाहीत, चढ नाहीत, हे खरं. पण काळ्या मातीची ढेकळं आहेत, कोरड्या ओढ्यांच्या घळी आहेत, मुळा कालव्याच्या चाऱ्या आहेत, आणि सराटे तर असे की पातळ तळव्याचा बूट दोन किलोमीटर टिकायचा नाही. दहा किलोमीटरची वाट पुरे. जानेवारीतली सकाळ, ज्वारी हुरड्यात आलेली. मात्र काही पथ्यं पाळावी लागतील. उभ्या पिकातून कोणी जायचं नाही. चारीच्या रस्त्यासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी आधी घ्यायची. ऊसतोडीचे दिवस असल्याने ट्रॉल्यांचे रस्ते टाळायचे. वस्तीवरची कुत्री बांधून ठेवायला मालकांना आदल्या संध्याकाळी सांगायचं, कारण अनोळखी माणूस धावत येताना पाहून शहाणं कुत्रंही अंगावर जातं. इथल्या पूजनीय पैस खांबाच्या मंदिराजवळून वाट गेलीच, तर तेवढ्या टप्प्यात सगळ्यांनी धावणं थांबवून चालावं.

भरतीच्या पोरांना याचा फायदा आहेच. मऊ मातीवर नडगीला बसणारे हादरे कमी, आणि खडबडीत जागी घोटे बळकट होतात. पण शर्यत त्यांच्यापुरती नसावी. शाळेतल्या मुली, चाळिशीतले शिक्षक, रोज दूध घालायला चार किलोमीटर जाणारे गडी, सगळ्यांना त्यात जागा हवी.

वळणावर फक्कीची रेघ, बाभळीच्या फांदीला लाल कापडाची चिंधी, एवढ्यावर वाट आखता येते. अशा शर्यतींत शेवटच्या धावपटूच्या मागून एक स्वयंसेवक चालतो. मागे कोणी राहिलं नाही ना, ते पाहतो आणि जाता जाता चिंध्या सोडून पिशवीत भरतो. नेवाशाच्या पाणंदीवर त्याला घाई करावी लागेल. दुपारी त्याच वाटेने कडब्याची गाडी यायची असते.