आपले ताट व आपले आरोग्य
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चालकांनी आहारावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्हांस संकोच वाटला. आम्ही वैद्य नव्हे, आहारशास्त्राची पदवीही आमच्यापाशी नाही. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत मुले शिकविण्यात आमची हयात गेली. तथापि शाळेत शिजणाऱ्या खिचडीचे तांदूळ व डाळ मोजण्याचे काम वर्षानुवर्षे आमच्याकडे होते. पहिली ते पाचवीच्या मुलास १०० ग्रॅम तांदूळ, पुढच्या वर्गांस १५० ग्रॅम, हा हिशेब अजूनही झोपेत विचारला तरी सांगू. निवृत्तीनंतर ह्या विषयावरील वाचनाची गोडी लागली. तेवढ्या शिदोरीवर बोलत आहोत.

हल्ली जुन्नर, नारायणगाव, मंचर येथील घराघरांत ‘डाएट’ हा शब्द ऐकू येतो. कोणी भात सोडला आहे, कोणी भाकरी सोडली आहे, कोणी रात्रीचे जेवणच सोडले आहे. काय खावे हे सांगणारा विरळा. काय सोडावे हे सांगणारे मात्र पायलीस पन्नास भेटतात. मोबाईलवर तर रोज नवा गुरू आणि रोज नवे वर्ज्य.

आमच्या आप्तांतील एका मुलीची हकीकत सांगतो. लग्नाची बोलणी चालली होती आणि मुलगी जरा अंगाने भरलेली आहे, असे वरपक्षाकडून कोणीतरी बोलले. मुलीने दीड महिना काकडी, उकडलेली भाजी आणि लिंबूपाणी ह्यांवर काढला. घरी कौतुकच झाले, कारण वजन उतरत होते. एके दिवशी नारायणगावच्या एस. टी. स्थानकावर ती भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन १२ असावयास हवे, ते साडेसात निघाले. डॉक्टरांनी आईस विचारले, “हिला जेवू का घालीत नाही?” आई म्हणाली, “घालते, पण तीच जेवत नाही.” डॉक्टर चतुर होते. त्यांनी आईचेही रक्त तपासावयास घेतले. ते आठ निघाले.

आईने डाएटचे नावही कधी घेतलेले नव्हते. मग तिचे रक्त कोठे गेले? आजच्या व्याख्यानाचा खरा विषय हाच आहे.

प्रथम मुलीचे पाहू. अन्न एकाएकी तोडले म्हणजे शरीर आधी आपल्यातील साठविलेली साखर व तिच्यासोबतचे पाणी खर्च करते. काट्यावर आकडा उतरतो आणि माणूस हरखतो. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजू लागतात, शरीर काटकसर करू लागते, आणि भूक अधिकच खवळते. नेम सुटला की बहुतेकांचे वजन पूर्वपदावर येते. म्हणूनच समंजस आहारतज्ज्ञ उपासमारीच्या विरुद्ध आहेत. मुंबईच्या ऋजुता दिवेकर ह्यांचे वजनाविषयीचे इंग्रजी पुस्तक २००९ साली निघाले. आपल्या मुलखात पिकते ते, आजी रांधीत असे ते, भूक ओळखून खावे, भात-तुपास भिऊ नये, असे त्या सांगत आल्या आहेत. त्यांचा श्रोतृवर्ग बहुधा शहरातील सुखवस्तू मंडळींचा. तरी त्यांचे हे म्हणणे आपणांसही लागू पडते, असे आमचे मत आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुधारित आहारसूचना प्रसिद्ध केल्या. दिवसास २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचे ताट त्यांत दिले आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध अथवा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया व सुका मेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. श्रोत्यांनी पाहावे, ह्यात भाकरीस हद्दपारी नाही. २५० ग्रॅम पिठाच्या मध्यम आकाराच्या चार-पाच भाकरी होतात. आपली अडचण निराळीच आहे. आपल्या ताटात धान्याची रास असते, कालवण पातळ असते आणि भाजी चमचाभर. वस्तुतः भाकरी तोडण्यापेक्षा भाजी-उसळ वाढविणे हे अधिक निकडीचे काम आहे. मात्र उसाच्या फडात राबणारा आणि दुकानाच्या गादीवर बसणारा ह्यांचे माप एक असू शकत नाही. आणि मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने आमचे न ऐकता आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

आपला मुलूख धान्याचा जुना जाणकार आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा सातवाहनकालीन लेख कोरलेला आहे. दोन्ही तालुक्यांच्या पूर्वेस बाजरी, मटकी, हुलगा. पश्चिमेस आंबेगावात भीमाशंकराकडे व जुन्नरच्या नाणेघाटाकडे भात, नागली, वरई, खुरासणी. पावसाळ्यात डोंगरातील भगिनी कुर्डू, भारंगी, टाकळा, चाई अशा रानभाज्या खुडून आणतात. नागलीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात दहाच्या आसपास. ज्यांस आपण मागासलेले म्हणत आलो त्या डोंगरकरी बांधवांचे धान्य आज शहरांतील दुकानांत महाग मोलाने विकले जाते, ही मौज पाहा. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि तसे सुचविणारा देश भारतच होता.

आता आपली मासवडी घ्या. बेसनाच्या शिजविलेल्या पोळीत तीळ, खोबरे, लसूण ह्यांचे सारण, सोबत झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा आणि लिंबाची फोड. धान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक उणा असतो, तो डाळींत मुबलक असतो. डाळींत मेथिओनिन उणे, ते धान्य व तीळ भरून काढतात. म्हणजे हे पदार्थ एकमेकांचे उणे झाकतात. लिंबाचीही गंमत आहे. बाजरीत व कडधान्यात लोह आहे, पण ते सहजासहजी अंगी लागत नाही; लिंबू पिळले की अधिक लागते. जेवणावर लगेच चहा प्यायला की उलट घडते. मटकीस मोड आणले तर लोह शोषणाच्या आड येणारे द्रव्य कमी होते. हुलग्याचे शेंगोळे हा तर गरिबाचा पौष्टिक पाक. हुलग्यात सुमारे २२ टक्के प्रथिन असते. पाहुण्यांपुढे शेंगोळे ठेवण्यास कित्येकांस लाज वाटते, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

मग हे ताट बिघडले कसे? येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे ह्याच दोन तालुक्यांत झाली. पाणी आले, ऊस आला, टोमॅटो व द्राक्षे आली, घरांत चार पैसे आले. त्याबद्दल कृतज्ञताच असावी. पण हुलगा-मटकीची पेर बांधाकडे सरकत गेली आणि सकाळच्या शिळ्या भाकरी-दुधाची जागा चहा-बिस्किटांनी घेतली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या गाड्या भरणारा शेतकरी दुपारी उभ्या उभ्या वडापाव खाऊन परततो. त्याच्या घरच्या भाजीस आठवड्याच्या बाजाराची वाट पाहावी लागते. उपवासाचे तर विचारूच नका. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिन जवळजवळ नाही. एकादशी धरावी, पण वरईची भगर, दाण्याची आमटी व ताक ह्यांवर धरावी.

आता त्या आईकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक. जंत आहेत, पाळीचा रक्तस्राव आहे, लागोपाठची बाळंतपणे आहेत. पण एक कारण आपल्या माजघरात बसलेले आहे. पुरुष जेवतात, मुले जेवतात, पाहुणे जेवतात; मग उरल्या कालवणात पाणी घालून, शिळ्या भाकरीशी, ती गृहिणी चुलीपुढे बसते. उसळ संपलेली असते, दूध मुलग्यास गेलेले असते. तिला कोणी डाएट करावयास सांगितले नाही. ते तिच्या नशिबी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलेच होते, आणि आपण त्यास सुगृहिणीचा गुण म्हणत आलो. मुलीने जे दीड महिना स्वेच्छेने केले, ते आईने तीस वर्षे बिनतक्रार केले. एकीच्या उपाशी राहण्याचे आपण कौतुक केले, दुसरीच्या उपाशी राहण्याकडे पाहिलेच नाही.

म्हणून संस्थेपुढे आम्ही काही सूचना ठेवीत आहोत. मुलींच्या वसतिगृहात आठवड्यातून तीन दिवस मोडाची उसळ असावी, हिवाळ्यात बाजरी व पावसाळ्यात नागली असावी, प्रत्येक ताटात लिंबाची फोड असावी, आणि चहा जेवणानंतर तासाभराने मिळावा. कोणती मुलगी रात्रीचे जेवण टाळते ह्याची अधीक्षिकाबाईंनी मायेने चौकशी करावी, दटावू नये. वर्षातून एकदा सर्व मुलींचे व शक्य तर त्यांच्या मातांचेही हिमोग्लोबिन तपासावे. सरकारी आरोग्य केंद्राच्या साहाय्याने हे फार खर्चाचे काम नाही. वधूवर-सूचक मंडळाच्या अर्जात वधूच्या वजनाचा रकाना आहे, तो ह्या वर्षापासून काढून टाकावा. त्या रकान्याने किती पोरींच्या ताटातली भाकरी उचलली असेल, कोण जाणे.

आजच्या भोजनात मासवडी आहे असे कळते. पहिली पंगत स्त्रियांची बसवावी व वाढण्याचे काम पुरुषांनी करावे, ही आमची विनंती चालकांनी सकाळीच मान्य केली आहे. तरी तरुण मंडळींनी आता बाह्या सरसावून मुदपाकखान्याकडे निघावे. रस्सा गरम आहे.