कावागोएची बाग आणि आपली गच्ची

(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘परदेशातला एक अनुभव’. सदतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना भीती वाटते, हा आता व्याजदरावर बोलणार. तसं काही नाही. मी आज फुलांवर आणि भाजीवर बोलणार आहे. आणि शेवटी एक जुना हिशेब आहे, तोही तुमच्यासमोर चुकता करणार आहे.

२०२३ च्या मे अखेरीस मी मुलाकडे जपानला गेलो. नव्वद दिवसांचा व्हिसा. मुलगा राहतो कावागोए नावाच्या गावात. तोक्योच्या इकेबुकुरो स्टेशनवरून जलद गाडीने अर्धा तास. जुन्या काळ्या भिंतींची कोठारासारखी दुकानं आणि लाकडी घंटाघर बघायला तिथे पर्यटक येतात. गाव रताळ्यांसाठीही प्रसिद्ध. रताळ्याचं आइस्क्रीम, रताळ्याचे वेफर्स, रताळ्याची मिठाई! आषाढी एकादशीला मी एकटाच उपास धरून होतो, माझी चैन झाली.

पण माझे तीन महिने गेले ते शेजारच्या आजीबाईंच्या बागेत. आजीबाई म्हणतो खरं, पण त्या एक्याऐंशीच्या, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठ्या. यजमान जाऊन काही वर्षं झालेली. मुलगा नोकरीसाठी दूर ओसाकाला. घर लहान, आणि त्यापुढची बाग आपल्या पार्किंगमधल्या तीन गाड्यांच्या जागेएवढी, जास्त नाही. जपानी बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूत ओढलेल्या रेघा, दगड आणि पूल येतो. ते देवळातलं झालं. सामान्य माणसाच्या घरापुढे फुलझाडांच्या शेजारी वांगी असतात आणि टोमॅटोच्या शेजारी गुलाब.

तिथे जूनमध्ये साडेचारलाच उजाडतं. मला झोप कमी, पाचला मी बाहेर यायचो. आजी आधीच डोक्याला टॉवेल बांधून कामाला लागलेल्या असायच्या. मला जपानी येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही. मी नमस्कार करायचो, त्या कमरेत वाकायच्या. पुढचं बोलणं माझा सहा वर्षांचा नातू उठल्यावर. तो आमचा दुभाषा. त्यांना जे सांगायचं असेल त्यातलं निम्मं तो गाळत असणार, पण काम चालत होतं.

जूनमध्ये तिथेही पावसाळा लागतो. त्याच्या नावाच्या लिपीत ‘उमेचा पाऊस’ अशी अक्षरं आहेत. उमेला आपण प्लम म्हणतो, पण ते फळ जर्दाळूच्या जवळचं. आजींकडे त्याचं एक जुनं झाड. त्याच पावसात कुंपणाशी हायड्रेंजियाचे गेंद फुललेले. हे फूल मोठं गमतीचं. माती आम्ल असेल तर निळं, अल्कली असेल तर गुलाबी. आजींच्या कुंपणाच्या एका टोकाला निळं आणि दुसऱ्या टोकाला, सिमेंटच्या भिंतीपाशी, जांभळट गुलाबी. झाडं एकाच जातीची. भिंतीतला चुना मातीत उतरला असणार. म्हणजे मातीची तपासणी फुकटात.

उमे पिवळी झाली की त्यांचं लोणचं घालतात, त्याला उमेबोशी म्हणतात. आजींनी मला ते करताना बसवून घेतलं. फळं धुवायची, देठाजवळची काळी टिकली काडीने काढायची, पुसून कोरडी करायची. मग मीठ. एक किलो फळाला एकशे ऐंशी ग्रॅम. नातवाने सांगितलं, ‘आजोबा, अठरा टक्के.’ मी म्हटलं, अरे, हा तर आमच्या वेळचा कर्जाचा दर! वर वजन ठेवलं की चार-पाच दिवसांत फळांना पाणी सुटतं. मग लाल शिसोची पानं मिठात चुरून, पहिलं काळपट पाणी पिळून टाकून, वर घालायची. ती पानं त्या आंबट पाण्यात पडली की सगळं पाणी क्षणात लालभडक होतं. नातू ओरडलाच. जुलैच्या शेवटी पाऊस संपला की तीन दिवस बांबूच्या चाळण्यांवर उन्हात वाळवण. चाळण्या बघितल्या आणि मला आपल्या गच्चीवरच्या कुरडया-पापड्या आठवल्या. कावळ्यांसाठी काठी घेऊन बसणारी मुलं तेवढी नव्हती.

जुलैत बागेला ऊत आला. काकड्या, लहान लहान वांगी, टोमॅटो, भेंडी. भेंडीला तेही ओकुरा म्हणतात आणि ती बुळबुळीत आवडते म्हणून खातात. आपण बुळबुळीत होऊ नये म्हणून जीव टाकतो! दक्षिणेच्या खिडकीवर जाळी लावून कारल्याचा वेल सोडलेला. त्यांचं कारलं म्हणजे गोया, मूळचं ओकिनावाकडचं. २०११ च्या भूकंपानंतर अणुवीज केंद्रं बंद पडली, वीज वाचवायची वेळ आली, तेव्हा असे ‘हिरवे पडदे’ घरोघर, शाळांवर, कचेऱ्यांवर लागले. वेलाची सावली खोलीत येते, एसी कमी लागतो, आणि कारली मिळतात ती वेगळी. सुनेने त्यांना आपली चिंच-गुळाची कारली करून पाठवली. त्यांनी अंड्यात आणि तोफूत परतलेली पाठवली. मी तोफू तेवढं खाल्लं.

तिथे घरी जास्त आलेलं शेजाऱ्याला द्यायची रीत आहे. त्याला एक सुंदर शब्द आहे, ओसुसोवाके. सकाळी दार उघडावं तर पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार काकड्या. त्यांची वाटी आमच्याकडून रिकामी गेली नाही आणि आमचा डबा त्यांच्याकडून रिकामा आला नाही. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. निदान पूर्वी नको होतं.

जवळच एका शेताच्या कडेला लाकडी फळी, तिच्यावर भाजीच्या पिशव्या आणि एक पत्र्याचा डबा. शंभर येन टाकायचे आणि पिशवी उचलायची. माणूस नाही, पावती नाही, कुलूपसुद्धा यथातथाच. मी संध्याकाळी मुद्दाम उभा राहून बघितलं. रोकड आणि माल यांचा मेळ बसत असावा, कारण दुसऱ्या दिवशी फळी पुन्हा भरलेली. त्याच भागात झाडांची गळलेली पानं कुजवून शेताला घालायची तीनशे वर्षांहून जुनी पद्धत आहे. आम्ही तिथे असतानाच, त्या जुलैत, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आणि आपण पालापाचोळा घंटागाडीत घालतो.

आता अळूची गोष्ट. बागेच्या ओलसर कोपऱ्यात मला चक्क अळू दिसलं! तेच पान, तोच पाण्याचा मोती. मी इतका हरखलो की नातवाला झोपेतून उठवलं. आजी म्हणाल्या, हे आम्ही खालच्या कांद्यासाठी लावतो, काही जातींचे देठ खातो, पानं कोण खातं? तरी त्यांनी आठ पानं कापून दिली. सुनेने वड्या केल्या. चिंच घातली होती, पण जात कुठली देव जाणे. आम्ही सगळे संध्याकाळभर घसा खाजवत बसलो. आजींनी एकही वडी खाल्ली नव्हती. त्यांचा निर्णय योग्य होता.

हसलात, बरं वाटलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती घशामुळे नव्हे.

तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. आमच्या हिच्या गच्चीवर बावीस कुंड्या होत्या. मोगरा, अबोली, गवती चहा, मिरच्या, कढीपत्ता, आणि पाण्याच्या टाकीखाली एका फुटक्या टबात अळू. श्रावणात ए विंगमध्ये एकही घर नसेल जिथे त्या टबातल्या अळूची भाजी गेली नाही. २००८ मध्ये मी सचिव होतो. वरच्या मजल्याच्या छतांना ओल आली. तक्रारी आल्या. मी परिपत्रक काढलं, ‘पंधरा दिवसांत गच्चीवरील सर्व कुंड्या हटवाव्यात.’ इतरांना बोलायला जागा राहू नये म्हणून सर्वांत आधी आमच्याच कुंड्या उतरवल्या. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. ही काही बोलली नाही. दोन दिवसांत सगळ्या कुंड्या वाटून टाकल्या. एक तुळस ठेवली.

पुढच्या पावसाळ्याआधी प्लंबर आला. त्याने दाखवलं, पाणी मुरत होतं ते टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या सांध्यातून. कुंड्यांचा दोष नव्हता. सांधा बदलला, ओल थांबली. इतिवृत्तात पाइपाचा खर्च नोंदला आहे. परिपत्रक मात्र मी मागे घेतलं नाही. विसरलो नव्हतो. चूक झाली असं कागदावर लिहायचं जिवावर आलं. हिने एकदाच विचारलं, ‘मग आता ठेवू का कुंड्या?’ मी म्हणालो, ‘नियम म्हणजे नियम.’ तिने पुन्हा विचारलं नाही. २०२१ मध्ये ती गेली.

ऑगस्टच्या मध्यावर तिथे ओबोन असतो, आपल्या पितृपक्षासारखा. गेलेली माणसं चार दिवस घरी येतात अशी समजूत. आजींनी बागेतली एक काकडी आणि एक वांगं घेतलं, काड्यांचे चार-चार पाय टोचले. काकडीचा झाला घोडा, वांग्याची झाली गाय. नातवाने विचारून सांगितलं, येताना घोड्यावरून यायचं म्हणजे लवकर पोहोचतात, आणि जाताना गाईवरून जायचं म्हणजे सावकाश जातात. त्यांच्या यजमानांच्या फोटोपुढे त्यांनी ती जोडी ठेवली. मग आत जाऊन आणखी एक काकडी, एक वांगं घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिली. मी त्यांना हिच्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. बहुतेक सुनेने सांगितलं असावं.

मी आपल्याकडच्या पोळ्याच्या बैलांसारखे पाय टोचले. जरा तिरके झाले. आमच्या खिडकीत ठेवले. शेजारी एक फूल, नातवाच्या शाळेच्या कुंडीतलं. तिथे पहिलीच्या प्रत्येक मुलाला एक बी पेरायला लावतात, त्या निळ्या फुलाचं नाव असागाओ. सुट्टीत मुलांनी कुंडी घरी न्यायची, रोज पाणी घालायचं, किती फुलं आली ते वहीत लिहायचं. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. त्या दिवशीच्या नोंदीत नातवाने लिहिलं, ‘आज चार आली. एक आजीला दिलं.’

ऑगस्टच्या अखेरीस मी परत आलो. नोव्हेंबरात मुलाने आजींच्या बागेचा फोटो पाठवला. त्यांचं काकीचं झाड नुसतं भगवं झालं होतं. फळ तुरट, म्हणून सोलून दोरीला बांधून ओसरीला वाळत टांगलेलं. झाडाच्या शेंड्यावर एकच फळ ठेवलेलं. ते झाडासाठी आणि पाखरांसाठी ठेवायचं, अशी तिकडची रीत. त्यांच्यात एक म्हण आहे, पीच आणि चेस्टनटला तीन वर्षं लागतात, काकीला आठ. यजमानांनी लावलेलं ते झाड. फळं आता त्या खातात आणि शेजाऱ्यांना देतात.

तर मंडळी, तो जुना हिशेब असा. २००८ चं ते परिपत्रक अजून रद्द झालेलं नाही. गच्ची गेली सोळा वर्षं मोकळी आहे, आणि मोकळ्या गच्चीवर आता कोणी जातही नाही. म्हणून येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला गच्ची दाखवावी आणि कुठे किती वजन चालेल ते लिहून घ्यावं. मग लोखंडी स्टँडवर, खाली ट्रे ठेवून, कठड्याच्या बाजूने कुंड्यांना परवानगी द्यावी. मोठी झाडं नकोत. पालापाचोळा आवारातच कुजवावा. पहिल्या स्टँडचा खर्च माझा. आणि टाकीखालचा कोपरा अळूसाठी ठेवावा. आपलं भाजीचं अळू, खाजरं नव्हे.

ठरावाखाली सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक तुमच्यापैकी कोणीतरी व्हावं, एवढीच विनंती.