कुरतडणाऱ्या पेशी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी महाराष्ट्राबाहेरच्या या गावात दोन पिढ्यांना मराठीतून विज्ञान शिकवले. तेव्हा आजचा विषय नवा असला, तरी तो शक्य तितक्या घरगुती शब्दांत मांडणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

एक पेशी दुसरीला गिळते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. भक्षकपेशींचे हे कार्य ओळखणाऱ्या मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परंतु गिळणे वेगळे आणि कुरतडणे वेगळे. उंदीर धान्याचे पोते गिळत नाही, तो त्याचा कोपरा कुरतडतो. काही पेशी शेजारच्या जिवंत पेशीशी नेमके असेच वागतात. त्या तिच्या पटलाचा लहानसा तुकडा तोडून घेतात. या क्रियेला ट्रोगोसायटोसिस म्हणतात. त्यातील 'ट्रोगो' या ग्रीक धातूचा अर्थच कुरतडणे असा आहे. आपण तिला 'पटल-कुरतड' म्हणू.

हे शक्य कसे होते? पेशीपटल म्हणजे ताठ भिंत नव्हे. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली दाखवून दिले की, ते मेदरेणूंच्या दुहेरी थराचे, प्रवाही आवरण असून त्यात प्रथिने तरंगत असतात. साबणाच्या पाण्याच्या पापुद्र्याप्रमाणे त्याचा तुकडा निघाला तरी उरलेल्या कडा पुन्हा जुळू शकतात. म्हणूनच लचका तुटला की पेशी मेलीच पाहिजे, असे नाही.

आपल्या रक्तातील टी-पेशी ही कुरतड नित्य करतात. टी-पेशीवरील ग्राही समोरच्या पेशीवरील प्रतिजनाला घट्ट चिकटतो आणि दोघी विलग होताना प्रतिजनासह पटलाचा तुकडा टी-पेशीकडे जातो. काही मिनिटांत हे घडते. एवढेच नव्हे, तर ते परके प्रथिन टी-पेशी स्वतःच्या अंगावर मिरवू लागते. आता तिची ओळख अंशतः बदललेली असते. प्रतिकारशक्तीचा सारा व्यवहार ओळखीवरच चालतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे गांभीर्य कळते.

आमांश आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्याचे एक कारण असलेला एंटामीबा हिस्टोलिटिका हा जीव आतड्याच्या पेशी नष्ट करतो. तो पेशींना आधी मारतो व मग खातो, असे मानले जाई. २०१४ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या कॅथरीन राल्स्टन, विल्यम पेट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली उलटा क्रम पाहिला. अमीबा जिवंत पेशीचे लचके तोडत राहतो, पेशीतील कॅल्शियम वाढते आणि मग ती मरते. ती मेल्यावर अमीबा तिला सोडून देतो! पुढे २०१९ साली राल्स्टन यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले की, चोरलेली मानवी प्रथिने अंगावर वागवणारा अमीबा, आपल्या रक्तद्रवातील जंतुनाशक प्रथिनांपासून बचावतो. चोराने घरमालकाचाच अंगरखा घालून पहारेकऱ्यासमोरून निघून जावे, तसा हा प्रकार आहे.

आता रुग्णाच्या प्राणांशी निगडित असलेली बाब सांगतो. रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांत नवा ग्राही बसवून पुन्हा शरीरात सोडतात. या कार-टी उपचाराचे पहिले भारतीय औषध मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून साकारले व त्याला २०२३ साली मान्यता मिळाली. तो ग्राही कर्करोगपेशीवरील 'सीडी १९' हे प्रथिन ओळखतो. परंतु २०१९ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, टी-पेशी कधी कधी शत्रूला न मारता ते प्रथिनच कुरतडून नेतात. मग एकीकडे कर्करोगपेशीवरील खूण विरळ होते व ती निसटू शकते. दुसरीकडे तीच खूण टी-पेशीच्या अंगावर आल्याने तिच्या भगिनी तिलाच शत्रू समजून मारतात. आपल्या पुराणांतील यादवी येथे रक्ताच्या थेंबात घडते.

यावरचा उपायही याच ज्ञानातून सुचतो. कर्करोगपेशीवरील हरवलेली खूण कायमची पुसलेली नसते, काही काळाने ती परत येऊ शकते. म्हणून एकाऐवजी दोन खुणांवर एकदम हल्ला करावा, अशी दिशा त्याच संशोधनाने दाखवली. खूण दिसली नाही म्हणजे शत्रू संपला, असे समजून चालणार नाही, हा यातील बोध आहे.

विद्यार्थी मित्रहो, 'आधी मारतो, मग खातो' हे वाक्य तर्काला पटणारे होते. ते चुकीचे ठरले, कारण कोणीतरी जिवंत पेशीकडे डोळे लावून बसले आणि घटनांचा क्रम नोंदवला. पुस्तकातील वाक्य प्रयोगाने पडताळून घेण्याची सवय हीच गुरुवर्यांना वाहिलेली खरी आदरांजली होय.