घाटरस्ता रुंद करावा की पक्का?

मुंबई-गोवा आणि पुणे-बंगळूर हे दोन्ही महामार्ग सह्याद्रीला समांतर, उत्तर-दक्षिण धावतात. गुहागर-विजापूर रस्ता त्यांना आडवा जातो. पहिल्याला तो चिपळूणला भेटतो, कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटणमार्गे कराडला दुसऱ्याला छेदतो आणि पुढे विटा, जत करत कर्नाटकात शिरतो. वर्षानुवर्षे राज्य मार्ग असलेल्या या रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा आहे. दर्जा वाढला की रुंदीकरणाची मागणी येतेच. पण अशा रस्त्यावर पैसा आधी घाटातल्या गटारांवर, मोऱ्यांवर आणि उतार सावरणाऱ्या भिंतींवर खर्च व्हायला हवा, असे मला वाटते.

याचे कारण पावसात आहे. जतच्या दुष्काळी पट्ट्यात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर कोयनानगरला पाच हजारांच्या आसपास. हे पाणी डोंगरउतारावरची माती आणि मुरूम भिजवते. गटार तुंबले की ते रस्त्यावर येते, डांबराखाली मुरते आणि दरीकडची कड पोखरते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गेली; हे डोंगर किती नाजूक आहेत, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिले. घाट बंद पडला की देशावरून उतरणारा भाजीपाला, वर चढणारी मासळी आणि एस.टी.चे प्रवासी सगळेच अडकतात. वाहनांना मग उत्तरेला आंबेनळी किंवा दक्षिणेला आंबा घाट गाठावा लागतो, आणि तेही त्याच पावसात भिजलेले असतात. सपाटीवर चार पदरी रस्ता केला, तरी ही अडचण तसूभरही कमी होत नाही.

वाहने वाढली, वळणावर दोन ट्रक समोरासमोर आले की खोळंबा होतो, मग रस्ता रुंद नको का, असे कुणी विचारील. धोक्याची वळणे जरूर रुंद करावीत. मात्र सरसकट रुंदीसाठी डोंगराचा पायथा कापला, तर वरच्या उताराचा आधारच निघतो, आणि अशी ताजी कापणी पहिल्या पावसात खाली येण्याची भीती असते. दुसरा आक्षेप असा, की एकदाच बोगदा काढावा, दरवर्षीची डागडुजी कशाला? बोगद्याला वर्षे लागतात, आणि त्याच्या तोंडापर्यंत जाणारा रस्ता याच उतारांवरून जाणार. गटारांची निगा तेव्हाही चुकणार नाही. गटार साफ केल्याचे उद्घाटन होत नाही, म्हणून हे काम मागे पडते. यावर उपाय आहे. कंत्राटदाराचे आणि खात्याचे काम किती किलोमीटर रुंद झाले यावर न मोजता, पावसाळ्यात घाट किती तास बंद राहिला यावर मोजावे. तो आकडा दरवर्षी जाहीर झाला, तर पैसा आपोआप योग्य जागी वळेल.