पाना लावण्याआधी हलवून बघा



सुरुवातीला हा माझा उजवा हात बघा. आता मूठ वळतो. चार बोटं नीट मिटली, करंगळी मात्र अर्ध्यावरच थांबली. ती गेली जवळजवळ तीस वर्षं अशीच आहे. कारण होतं एक मिलिमीटर. ती गोष्ट सांगतोच, कारण आजचा सगळा विषय तिच्यातच आहे.

विषय आहे पाना. आपण वेगवेगळ्या राज्यांतून हे बघताय, म्हणून आधी नावाचं मिटवून टाकू. महाराष्ट्रात आपण पाना म्हणतो. माझ्याकडे इंदूर-पीथमपूरला पानाच म्हणतात, गुजरातेत पानुं. दिल्लीकडे गेलात तर मेकॅनिक पोराला ओरडून सांगतो, 'दस की चाबी दे'. दक्षिणेत सरळ स्पॅनर. नाव काहीही असो, त्याच्यावर कोरलेला आकडा सगळीकडे सारखाच असतो, आणि चूक तो आकडा वाचण्यातच होते.

मी १९९६ साली आयटीआय करून कोल्हापूर भागातल्या एका साखर कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलो. गाळप बंद होतं, ऑफ सीझनची दुरुस्ती चालू होती. एका नव्या पंपाच्या कपलिंगवरचं गार्ड काढायचं होतं. चार बोल्ट, एम १० चे. मला आयटीआयमध्ये पाठ करवलं होतं, एम १० ला १७ चा पाना. मी १७ चा फिक्स पाना लावला. जरा ढिला लागला, पण लागला. तीन बोल्ट निघाले. चौथा गंजलेला होता. मी पाना लावून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून पुढे ढकलला. पाना सटकला आणि हात सरळ गार्डच्या पत्र्याच्या कडेवर गेला. करंगळीची शीर कापली गेली.

बोल्टचं डोकं १६ चं होतं.

आमचे मुख्य फिटर, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दवाखान्यात आले. रागावले नाहीत. पंधरा दिवसांनी मी कामावर आलो तेव्हा त्यांनी माझ्या डाव्या हातात दोन पाने ठेवले आणि म्हणाले, "डोळं मिट आणि सांग, सोळाचा कुठला, सतराचा कुठला?" मला सांगता आलं नाही. मग त्यांनी एक सोळाचा बोल्ट दिला. "आता लावून हलव." सोळाचा पाना बोल्टवर गच्च बसला. सतराचा टकटक वाजला. आबा म्हणाले, "हाताला कळत न्हाई रं, पण बोल्टाला कळतंय. आधी हलवून बघ, मग जोर लाव."

आज तुम्ही बाकी सगळं विसरलात तरी चालेल, आबांचं हे वाक्य ठेवा. आता यामागचं कारण बघू.

पान्यावरचा आकडा म्हणजे बोल्टची जाडी नव्हे. तो आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. एम ६ बोल्टला १० चा पाना लागतो, एम ८ ला १३ चा, एम १६ ला २४ चा, एम २० ला ३० चा. इथपर्यंत भांडण नाही. भांडण आहे मधल्या दोघांत. एम १० ला जुन्या मापाने १७, नव्या मापाने १६. एम १२ ला जुन्याने १९, नव्याने १८. एकाच कारखान्यात, कधीकधी एकाच मशीनवर, दोन्ही बोल्ट असतात, कारण मधे कुणीतरी एखादा बोल्ट बदललेला असतो.

दुचाकी आणि चारचाकीवाल्यांचं आणखी वेगळं. जपानी वळणाच्या गाड्यांवर बोल्टची डोकी लहान ठेवतात. तिथे एम ८ ला बहुतेक वेळा १२, एम १० ला १४ आणि एम १२ ला १७. म्हणून गॅरेजमधल्या पोराचा हात आपोआप १०, १२, १४, १७ कडे जातो आणि कारखान्यातल्या फिटरचा १०, १३, १७, १९, २४ कडे. दोघेही आपापल्या जागी बरोबर. जागा बदलली की दोघेही चुकतात.

तिसरं माप इंचाचं. जुन्या मशीनवर ते अजून भेटतं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, ०.३ मिलिमीटरचा फट राहतो, आणि कडक बोल्ट असेल तर तेवढा फट कोपरे मारायला पुरतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५; तिथे १९ चा पाना कधी बसतो, कधी बसत नाही. ठोकून बसवू नका. आणि जुन्या इंग्लिश मशीनवर व्हिटवर्थचे बोल्ट असतील तर त्यांच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या मापाचा नसतो. त्यामुळे तिथे आकडे जुळवत बसण्यात अर्थ नाही. पाना लावा, हलवून बघा.

ढिला पाना सटकतो का? सोळाच्या षटकोनी डोक्याची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रुंदी साधारण साडेअठरा मिलिमीटर असते. सतराचा पाना त्यावर थोडा फिरतो आणि मग कोपऱ्यांवर अडतो. म्हणजे सगळा जोर सपाट बाजूवर न पडता दोन टोकांवर पडतो. लोखंड दबतं, कोपरा गोल होतो, पाना सुटतो. त्या क्षणी तुमचा हात जिथे जायचा तिथे जातो.

आता दुसरा प्रश्न, कुठल्या प्रकारचा पाना? माझा क्रम ठरलेला आहे. सॉकेट, म्हणजे गोटी, बसत असेल तर गोटी. नाही तर रिंग पाना. तोही जात नसेल तर फिक्स पाना. आणि काहीच नसेल तेव्हा स्क्रू पाना. बरेच जण हा क्रम नेमका उलटा लावतात, कारण स्क्रू पाना एकच असतो आणि तो खिशात असतो.

फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो. रिंग पाना चारी बाजूंनी वेढतो, सहाही कोपऱ्यांवर जोर वाटला जातो. म्हणून कडक बोल्ट पहिल्यांदा सोडवायचा तो रिंगने, आणि हलला की पुढे फिक्सने भराभर खोलायचा. कॉम्बिनेशन पान्याला एका टोकाला रिंग आणि दुसऱ्याला फिक्स असतं ते यासाठीच. गोटीत सहा कोनांची आणि बारा कोनांची असे दोन प्रकार मिळतात. बारा कोनांची पटकन बसते. पण गंजलेल्या, झिजलेल्या बोल्टला सहा कोनांचीच घ्या.

मग फिक्स पाना हवा कशाला? जिथे वरून काही घालता येत नाही तिथे. पाइपच्या युनियनवर, एसीच्या तांब्याच्या नळीवर, लॉक नटवर. नळीचं काम असेल तर दोन पाने घ्या, एकाने धरा, एकाने फिरवा, नाही तर नट सुटायच्या आधी नळीला पीळ पडतो. फिक्स पान्याचं तोंड दांड्याशी तिरकं का असतं, असं मी नवीन पोरांना विचारतो. बहुतेकांना वाटतं, दिसायला. तो तिरकेपणा १५ अंशांचा असतो. षटकोनी नटाच्या एका बाजूवरून दुसरीवर जायला ६० अंश लागतात. अडचणीच्या जागी तेवढं फिरता येत नाही. पाना प्रत्येक वेळी उलटा करून लावला की ३० अंशांच्या जागेतही नट निघतो.

स्क्रू पाना वाईट नाही. एकच नियम पाळा: पाना ज्या दिशेला फिरणार त्या बाजूला हलता जबडा ठेवा, म्हणजे जोर स्थिर जबड्यावर येतो. आणि लावल्यावर जबडा घट्ट मिटवा. पाइप रिंच मात्र नटाला लावूच नका. तो दातांनी चावतो, आणि त्या नटाला पुढच्या वेळी कुठलाच पाना बसत नाही.

तिसरा प्रश्न जोराचा. पाव मीटर लांबीचा पाना घ्या, टोकाला वीस किलोचा जोर लावा. झाले साधारण ५० न्यूटन-मीटर. ८.८ ग्रेडचा एम १० बोल्ट जवळपास तेवढ्यात नीट आवळला जातो. आता त्याच पान्याला पाइपचा तुकडा घालून लांबी दुप्पट केलीत, तर तोच हात १०० न्यूटन-मीटर देतो. बोल्ट ताणला जातो किंवा आटे जातात. तुम्हाला वाटतं मस्त आवळलं, आणि महिन्याने तो तुटतो. एम ६ ला तर साधारण १० न्यूटन-मीटरच पुरतात. लहान पाने आखूड आणि मोठे लांब बनवतात ते याच हिशोबाने. पान्याची लांबी हीच बोल्टची मर्यादा आहे. जिथे जोर मोजूनच लावायचा, म्हणजे इंजिनचं हेड, गाडीची चाकं, फ्लँजचे बोल्ट, तिथे टॉर्क रेंच वापरा. तो आवळण्यासाठी आहे, गंजलेला बोल्ट सोडवण्यासाठी नाही.

पान्यावर हातोडा मारणं ही आपली राष्ट्रीय सवय. त्यासाठी वेगळा पाना मिळतो, स्लॉगिंग पाना, जाडजूड, आखूड, मागे ठोकायला सपाट डोकं. साखर कारखान्यात मोठ्या बोल्टना तोच लागतो. साधा पाना ठोकला तर त्याचं तोंड पसरतं. तसंच हवेच्या किंवा बॅटरीच्या इम्पॅक्ट गनला चकचकीत क्रोमची गोटी लावू नका, ती फुटून तुकडे उडू शकतात. गनसाठी काळी, इम्पॅक्टची गोटी घ्या.

विजेच्या कामाबद्दल एकच सांगतो. दांड्याला रंगीत प्लास्टिक आहे म्हणून पाना इन्सुलेटेड होत नाही. त्यावर १००० व्होल्टची खूण हवी, आणि तरीही आधी सप्लाय बंद करून कुलूप लावायचंच. गाडीची बॅटरी काढताना निगेटिव्ह तार आधी सोडा आणि लावताना शेवटी लावा, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. जिथे पेट्रोल, गॅस, थिनर यांची वाफ असते तिथे ठिणगी न पाडणारे, तांब्याच्या मिश्रधातूचे पाने मिळतात. ते महाग आहेत, आणि तिथे दुसरा पर्यायही नाही.

आता खरेदी. सुरुवात करणाऱ्याने एकदम चाळीस नगांची पेटी घेऊ नये. ६-७ पासून २०-२२ पर्यंत आठ फिक्स पाने आणि तसाच रिंगचा सेट, एवढ्यात घरातलं, सोसायटीतलं आणि छोट्या वर्कशॉपचं बहुतेक काम होतं. १६ आणि १७ एकाच पान्यावर असतात, तेवढं लक्षात ठेवा! नंतर एलन की, मग गोट्या. जालंधर, लुधियाना, नागौर, आपलं नाशिक, या गावांत आपल्याकडचे पाने बनतात आणि चांगले बनतात. दुकानात जाताना खिशात एक नवा नट घेऊन जा. पाना लावा, हलवा. तोंडाच्या आतल्या बाजू सरळ आहेत का बघा, आकडा स्पष्ट कोरलेला आहे का बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

काम सुरू करताना तारेच्या ब्रशने बोल्ट साफ करा, गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा. पाना पूर्ण आत बसवा, हलवून बघा. जोर लावताना आपल्याकडे ओढा. ढकलायचंच झालं तर तळहात उघडा ठेवा, मूठ वळू नका. मी मूठ वळली होती.

आणि पाना मोजून आत न्या, मोजून बाहेर आणा. गिअरबॉक्समध्ये राहिलेला एक पाना पूर्ण गिअरबॉक्स खाऊ शकतो.

तोंड पसरलेला पाना काय करायचा? आपण तो पेटीच्या तळाशी ठेवतो, 'असू दे, कधीतरी लागेल'. मग रात्रपाळीला घाईत कुणीतरी नवा पोरगा तोच उचलतो. मी माझ्याकडचे असे पाने कटरने दोन तुकडे करून भंगारात टाकतो. स्टोअरवाले कुरकुरतात. पण तो पाना पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही.

आज घरी गेल्यावर आपली पेटी उघडा, एकेक पाना त्याच्या मापाच्या नव्या नटावर लावा आणि हलवून बघा. टकटक वाजतील ते बाजूला काढा. किती निघाले ते खाली लिहा, मी वाचतो.